पाळीचं दुखणं पिशवीपुरतं नसतं

मुलीची पाळी तीन-तीन महिने आली नाही, की घरात ठरलेलं उत्तर मिळतं, "लग्न झालं की होईल सुरळीत." आणि लेकरं झालेल्या बाईची तक्रार असेल तर? "आता काय करायचीय पिशवी? टाका काढून!" या दोन सल्ल्यांच्या मध्ये साधी रक्ततपासणी मात्र राहून जाते.

पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे २०१९ मध्ये आपल्या बीड जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार ३०९ महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक! या सगळ्यांना पीसीओएस होता, असं मुळीच नाही. तिथं कष्ट, खाडा, भीती अशी कितीतरी कारणं होती. पण पाळी बिघडली म्हणजे दोष पिशवीचाच, ही समजूत फडावर आहे तशीच शिकल्यासवरल्या घरातही आहे.

पीसीओएसमध्ये बिघाड नुसता पिशवीत नसतो. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. बऱ्याच जणींचं शरीर त्याला दाद देत नाही, मग ते जास्त तयार व्हायला लागतं. या वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजकोशात पुरुषी हार्मोन वाढतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. मानेवर काळपट जाड पट्टा दिसतो. आपण मात्र मळ समजून तो घासत बसतो! आता सांगा, पिशवी काढून हे इन्सुलिन कसं सुधारणार? पुढं मधुमेहाचा धोका राहतोच.

"आमची पोरगी तर काडीसारखी आहे," असंही म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय, की दिसायला बारीक असलेल्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असू शकते.

मग करायचं काय? पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही नव्वद दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर डॉक्टरांना दाखवा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओएस असलेल्या प्रत्येकीची साखर तपासायला हवी, मग तिचं वय, वजन काहीही असो. उपाशीपोटी रक्त देऊन, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, ही त्यातली सर्वांत खात्रीची तपासणी. दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करायची. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही बघायचा. इन्सुलिन मोजायची वेगळी महागडी तपासणी नेहमीसाठी लागत नाही. कोवळ्या मुलींमध्ये नुसत्या सोनोग्राफीवरून निदानही करायचं नसतं.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत केले आहेत. तेव्हा पैशांची सबब नको. रोजचं चालणं, बेताचं गोड, ताटात डाळ-पालेभाजी आणि डॉक्टर देतील त्या गोळ्या, एवढ्यावर पुष्कळ फरक पडतो.

खरी अडचण आहे ती लपवाछपवीची. "बाहेर कळलं तर सोयरीक मोडेल," म्हणून आई गप्प बसते आणि मुलगी एकटी कुढते. मैत्रिणींनो, मधुमेहाची लाज आपण कधी धरतो का? मग पाळीचीच का? लेकीला स्थळं बघायच्या आधी दवाखान्यात न्या. आणि कुणी पिशवी काढायला सांगितलीच, तर कारण विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. शरीर आपलं आहे, विचारायचा हक्कही आपलाच आहे.