फोन दादाच्या हातात, गणित ताईच्या डोक्यात

मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून मोबाइलवर खेळ, टॅबवर चांदण्या, बरोबर उत्तराला टाळ्या! आजकाल शिक्षणावरच्या कुठल्याही शिबिरात गेले की हेच ऐकावे लागते. यातली 'मुले' म्हणजे नेमकी कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांबरोबर काम करताना सहावीतली एक मुलगी भेटली. आईशेजारी बसून विड्यांचे कट्टे बांधत होती. पंचविसाचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. आज किती वळल्या, कारखान्यात छाट किती निघेल, आठवड्याला हातात काय पडेल, हे तिने बोलता बोलता सांगितले. कागद नाही, पेन्सिल नाही. शाळेत हीच मुलगी 'गणितात कच्ची'! हिला गोडी लावायला निघालेल्यांनी आधी सांगावे, हिच्यात कमी काय आहे? कमी आहे तो वेळ. आणि कमी आहे तो फोन. घरात फोन एकच, तो नववीतल्या भावाकडे. तो अभ्यास करतो की क्रिकेट बघतो, कोणी तपासत नाही. हिने दहा मिनिटे घेतला की आजी विचारते, "कुणाशी बोलतेस गं?"

हे एका घराचे रडगाणे नाही. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये जेमतेम २० टक्के.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. त्याचा अभिमान आहेच. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. पण तो वाचायचा कशाने? पुस्तक सरकारने फुकट दिले, फोन मात्र घरातल्या पुरुषसत्तेवर सोडला. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर गेली, तेव्हा कोणाची शाळा आधी सुटली हे वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकीने पाहिले आहे.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: मुलींच्या हातात फोन दिला की त्या बिघडतात. फोन काढून घेणारी हीच माणसे पोरीला पंधराव्या-सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढवतात, तेव्हा कोण बिघडलेले असते? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आणि मैत्रिणींनो, आपल्या कार्यकर्त्यांच्या घरीही एकदा बघू या. जुना, फुटक्या काचेचा फोन कोणाला मिळतो?

म्हणून शाळेच्या कपाटात कुलूपबंद पडलेले टॅब बाहेर काढा. ते घरी वाटू नका, घरी गेले की ते भावाचेच होतात. वस्तीत संध्याकाळी अभ्यासिका सुरू करा, तिथे पहिली पाळी मुलींची ठेवा. त्या तासाला कट्टे भावाने बांधावेत.

हे मी गेल्या महिन्यात आयांच्या बैठकीत मांडले. एक बाई सूप बाजूला न ठेवता म्हणाली, "ताई, पोरगं काय कट्टे बांधणार? आणि हजार भरले नाहीत तर माझी मजुरी तुम्ही देणार का?" मला उत्तर देता आले नाही. पोरीचे हात मोकळे व्हायचे तर आईच्या हजारी विडीचा दर वाढला पाहिजे, हे गणित तिने मलाच शिकवले. मजुरीवाढीच्या पुढच्या निवेदनात अभ्यासिकेची मागणी पहिल्याच पानावर घालायची, असा आग्रह मी संघटनेत धरला आहे. काहीजण म्हणतात, शिक्षणाचा विषय वेगळा ठेवा. मी ठेवणार नाही.