आधी नियम, मग डाव



शिरूरला खोली घेऊन शिकणारी मुले असोत की दौंडहून रोज रेल्वेने पुण्याच्या कॉलेजात जाणारी असोत, चार डोकी जमली की पत्ते निघतात. मांडीवर पेपर अंथरला की मेंढीकोट सुरू! परदेशातले विद्यार्थी २८ ठोकळ्यांचा डोमिनो खेळतात आणि तिथेही घराघराचे नियम निराळे असतात. आपल्याकडे मेंढीकोटाचे तेच आहे.

खेळ तसा सोपा. चार गडी, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पाने. दश्शी म्हणजे मेंढी. तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीकडे, तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. चारही मेंढ्या एका जोडीने नेल्या की मेंढीकोट! पण हुकूम कसा ठरवायचा? कुठे एक पान झाकून ठेवतात, तर कुठे ज्याच्याकडे उतरलेला रंग नसेल त्याने टाकलेले पान हुकूम ठरते. हरलेल्या जोडीने पिसायचे, ही चालही बऱ्याच ठिकाणी आहे.

हे वेगळेपण वाईट नाही, त्यातच गंमत आहे. वाईट आहे ते नियम आधी न सांगणे. खेड्यातून आलेला नवा मुलगा बसतो, त्याच्या घरच्या रीतीने पान टाकतो आणि बाकीचे हसतात, "अरे, आमच्यात असं चालत नाही!" डाव त्याच्या हातून जातो आणि वर अडाणी हा शिक्काही बसतो. नियम मूठभरांनाच ठाऊक असले की खेळ त्या मूठभरांचाच होतो. आपल्या समाजाला हे कुणी समजावून सांगायला नको. ज्यांनी नियम केले त्यांनीच ते पिढ्यान् पिढ्या लपवून ठेवले, आणि मोडल्याची शिक्षा मात्र आपल्याला दिली.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते की, संसदीय कामकाजाची रीत भारताला नवी नाही, ती बुद्धाच्या भिक्खू संघात होती. कोणी कुठे बसावे, ठराव कसा मांडावा, गणसंख्या किती हवी, मते कशी मोजावीत, या सगळ्यांचे नियम संघाला ठाऊक होते. सर्वांना माहीत असलेला आणि सर्वांना सारखा लागू होणारा नियम ही आपली परंपरा आहे. मग ती पत्त्यांच्या डावात का नसावी?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सुरुवात चहापासून होते. हरेल त्याने चहा पाजायचा. मग वडापाव येतो, मग पानामागे रुपया. ज्याच्या बापाचा रोज बुडाला की घरची चूल अडते, त्याच्या खिशात शिष्यवृत्तीचे किंवा मेसचे पैसे असतात. तो नाही म्हणायला लाजतो आणि हरतो. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जुगाराचे सहा तोटे सांगितले. जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, डोळ्यांदेखत पैसा संपतो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि सोयरीक जमत नाही. अडीच हजार वर्षांनंतरही यातला एकही तोटा कमी झालेला नाही. पत्ते मोबाईलमध्ये शिरले तेव्हा तर घरेच्या घरे बुडू लागली. शेवटी २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला.

म्हणून पत्ते जाळून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर वर्गात आणि गाडीत शिणलेल्या पोरांना घटकाभर हसू द्यावे. फक्त खोलीच्या भिंतीवर आपले नियम लिहून लावावेत. आमच्या मते ते असे असावेत :

नव्या गड्याला नियम आधी सांगायचे आणि त्याचा पहिला डाव मोजायचा नाही. जोड्या पाने काढून ठरवायच्या, म्हणजे कोणी कोणाला टाळणार नाही. पैसा लावायचा नाही, चहासुद्धा नाही. प्यायचा तर सर्वांनी वर्गणी काढून प्यावा. जातीवरून, गावावरून, कपड्यांवरून थट्टा केली तर डाव बंद. नियम बदलायचा तर डाव संपल्यावर आणि चौघांच्या संमतीने. परीक्षा जवळ आली की पत्त्यांचा जोड पेटीत.

माता-भगिनींनो, सुट्टीत मुलगा घरी आला की त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याबरोबर एक डाव बसा, मुलीलाही बसवा. तो कोणत्या नियमाने खेळतो ते पाहा. खोलीवर तो कोणाच्या संगतीत राहतो, हे त्यावरून तुम्हाला न विचारता कळेल.

जयभीम!