‘दोष’ या शब्दाला पर्यायी शब्द

भाषेचा प्राध्यापक मोटारीविषयी लिहू लागला की वाचकाने थोडे सावध व्हावे हे बरे. मला इंजिनातले काही कळत नाही. चाक पंक्चर झाले तर मी रस्त्याच्या कडेला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे आशेने पाहतो. तरीही हे लिहितो आहे, कारण गेल्या वर्षी माझ्या मोटारीच्या कंपनीकडून आलेले एक पत्र मी चार महिने टेबलाच्या खणात ठेवून दिले होते, आणि त्या चार महिन्यांत माझी मुलगी रोज त्याच मोटारीतून शिकवणीला जात होती. पत्र मी वाचले नव्हते असे नाही. दोनदा वाचले होते. एम.ए.च्या वर्गाला शैलीविचार शिकवणाऱ्या माणसाने ते वाचले आणि त्यातून त्याला भीती वाटली नाही, हा या लेखाचा विषय आहे.

पत्रात असे होते की, एका विशिष्ट कालावधीत तयार झालेल्या काही वाहनांमधील एका भागात संभाव्य विसंगती आढळून आली असून ग्राहकहिताच्या दृष्टीने, केवळ खबरदारी म्हणून, स्वेच्छेने तपासणी मोहीम हाती घेण्यात येत आहे. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष. ‘आढळून आली’, ‘घेण्यात येत आहे’: कुणाला आढळली, कधी आढळली, विसंगती कुणी निर्माण केली, याचा कर्ता संपूर्ण पत्रात कुठेही नाही. ‘आम्ही’ हे सर्वनाम फक्त एकदा येते, ‘आम्ही दिलगीर आहोत’ या वाक्यात, आणि तेही गैरसोयीबद्दल. तो भाग निकामी झाला तर गाडीतल्या माणसाचे काय होईल, याविषयी एक अक्षर नाही. कर्मणी प्रयोगाचे उदाहरण म्हणून ते पत्र मी वर्गात वापरू शकलो असतो. त्याऐवजी ते खणात गेले.

आमच्या स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला तेव्हा चमत्कारिक मतभेद दिसले. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, जी कंपनी गाड्या परत बोलावते तीच खरी प्रामाणिक. न बोलावणाऱ्यांच्या गाड्यांत दोष नसतात असे थोडेच आहे! इतिहासाच्या बाईंचे मत नेमके उलटे होते: अशी बातमी पेपरात आली की जुन्या गाडीची किंमत उतरते, म्हणून त्यांच्या यजमानांनी तसले पत्र फाडून टाकले आणि गाडी विकून मोकळे झाले. (ज्याने विकत घेतली त्याला ते पत्र कोण पाठवणार, हा प्रश्न चहा येईपर्यंत हवेत राहिला.) तिसऱ्यांना वाटत होते की परत बोलावणे म्हणजे गाडी ठेवून घेऊन पैसे परत देणे. मराठी वृत्तपत्रे ‘गाड्या परत मागवल्या’ असा मथळा देतात तेव्हा असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एखादा भाग बदलून तीच गाडी तुम्हाला संध्याकाळी परत मिळते.

ही तिन्ही मते कंपनीच्या शब्दांवर उभी आहेत, गाडीच्या अवस्थेवर नव्हे, असे मला वाटते. आणि हे का वाटते ते सांगण्यासाठी मला अमेरिकेतल्या एका प्रकरणाकडे जावे लागेल. भाषेच्या अभ्यासकाने ते मुळातून पाहावे अशी माझी शिफारस आहे.

जनरल मोटर्स या कंपनीने फेब्रुवारी २०१४मध्ये शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या जातकुळीतल्या गाड्या परत बोलावल्या. मार्चअखेर ही संख्या जगभरात सुमारे २६ लाखांवर गेली. दोष होता किल्लीच्या स्विचमध्ये. किल्ली ज्या जागी घट्ट बसून राहायला हवी तिथे ती पुरेशी घट्ट बसत नव्हती. जुडगा जड असला, गुडघा लागला, किंवा रस्त्यावर दणका बसला की ती मागे सरके. गाडी धावता धावता इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, ब्रेकला मिळणारा जोर जाई, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे आदळल्यावर एअरबॅग फुगत नसे. कंपनीने सुरुवातीला १३ मृत्यू मान्य केले होते. नंतर नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य धरले.

आता यातली भाषा पाहा. स्विच बनवणाऱ्या अभियंत्याने २००२ सालीच एका ई-मेलखाली सही करताना त्याला ‘नरकातला स्विच’ म्हटले होते. इतका नेमका शब्द आरंभीच सापडलेला असताना पुढची बारा वर्षे कंपनी तो विसरण्यात घालवते. गाडी चालता चालता बंद पडते, ही गोष्ट कंपनीच्या कागदोपत्री ‘ग्राहकाची सोय’ या सदरात जाते, ‘सुरक्षितता’ या सदरात नाही. २००५ साली विक्रेत्यांना जे सूचनापत्रक गेले त्यात ‘बंद पडणे’ हा शब्द नव्हता. तो शब्द तापलेला आहे, सरकारी खात्याचे लक्ष वेधतो, म्हणून टाळावा, असा तिथला रिवाज होता. हे कंपनीनेच नेमलेल्या वकिलाच्या २०१४च्या चौकशी अहवालातून बाहेर आले. २००८मध्ये तर कर्मचाऱ्यांसाठी एक सादरीकरण तयार झाले होते, त्यात टाळावयाच्या ६९ शब्दांची यादी होती. ‘समस्या’ म्हणू नये. ‘मुद्दा’, ‘स्थिती’ किंवा ‘बाब’ म्हणावे. ‘दोष’ म्हणू नये. ‘रचनेनुसार कार्य करत नाही’ असे म्हणावे. यादीत ‘टायटॅनिक’ होते, ‘मृत्यूचा सापळा’ होता, ‘चालती शवपेटी’ होती. आमचे विद्यार्थी रूपकाचे उदाहरण म्हणून वर्षानुवर्षे मुखचंद्रापलीकडे जात नाहीत, आणि इथे एका मोटार कंपनीत निषिद्ध रूपकांचा कोश तयार होत होता!

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. अभियंत्यांनी अतिशयोक्ती टाळावी, विशेषणांऐवजी वस्तुस्थिती लिहावी, यात गैर काय? आपणही विद्यार्थ्यांना हेच सांगतो. ‘चालती शवपेटी’ हे तांत्रिक अहवालाचे वाक्य नव्हे, हे मान्य. परंतु ‘दोष’ हे विशेषण नाही, अलंकारही नाही. अमेरिकेच्या कायद्यात ती संज्ञा आहे. सुरक्षिततेशी संबंधित दोष आहे असे कंपनीने ठरवले की पाच कामकाजी दिवसांत सरकारला कळवण्याचे बंधन येते. शब्द उच्चारला नाही तर घड्याळ सुरू होत नाही. म्हणजे इथे संयत शैलीचा सल्ला दिला जात नव्हता. कृतीला जन्म देणारा शब्दच काढून घेतला जात होता. मे २०१४मध्ये कंपनीने साडेतीन कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले, त्या करारनाम्यामुळेच ही यादी लोकांसमोर आली.

आणि मालक? मालक तर लिहीत होते. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०१४मध्ये सरकारी नोंदी चाळल्या तेव्हा त्यात या गाड्या धावता धावता बंद पडल्याच्या २६०हून अधिक तक्रारी अकरा वर्षांत आलेल्या आढळल्या. त्या तक्रारींत यादीतला सावधपणा कुठून असणार? गाडी वळणावर बंद पडली, मागून ट्रक येत होता, असे साधे कर्तरी प्रयोगातले सांगणे. सरकारी खात्याने हे प्रकरण २००७मध्ये आणि पुन्हा २०१०मध्ये हाताळले आणि दोन्ही वेळा चौकशी न करण्याचे ठरवले. मालकाचे कथन आकडेवारीत बसत नव्हते.

या साऱ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला ती लगेच कळेल. जॉर्जिया राज्यात २०१०मध्ये एका तरुणीचा अशा गाडीत मृत्यू झाला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या तज्ज्ञाने अपघातातल्या गाडीचा स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा आतला खटका वेगळा निघाला. कंपनीने २००६मध्ये तो भाग गुपचूप सुधारला होता. परंतु भागाचा क्रमांक तोच ठेवला होता. आवृत्ती बदलली, मजकूर बदलला, मुखपृष्ठ मात्र तेच. त्यामुळे जुन्या गाड्यांत अपघात का होतात आणि नव्यांत का होत नाहीत, हे कंपनीतल्याच इतर तपासनिसांना वर्षानुवर्षे उमगेना.

संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शके १५०६ हे वर्ष नोंदवले आणि आपण शुद्धी केली आहे हे ग्रंथाच्या शेवटी सांगितले. त्यांच्या पाठनिर्णयांवर वाद घालता येतो तो याच कारणाने, की त्यांनी हात लावला ही गोष्ट लपवली नाही. दुरुस्ती करणे हा अपराध नव्हे. दुरुस्तीची नोंद न करणे म्हणजे जुनी प्रत वापरणाऱ्याला त्याच्या नशिबावर सोडणे होय.

२०१४च्या वसंतात या गाड्यांच्या मालकांना सांगण्यात आले की नवा स्विच मिळेपर्यंत जुडग्यातून बाकीच्या किल्ल्या काढा, एकच किल्ली लावून गाडी चालवा, धोका नाही. मागणाऱ्याला तात्पुरती दुसरी गाडीही देऊ केली होती. काही मालकांच्या वकिलांनी टेक्सासमधल्या न्यायालयात मागणी केली की या गाड्या मुळीच चालवू नका असे कंपनीने मालकांना स्पष्ट सांगावे. न्यायालयाने ती एप्रिलमध्ये फेटाळली. हा निर्णय वाहनसुरक्षा खात्याचा, असे म्हटले. कायदेशीर बाजू मला कळत नाही. पण कोबाल्ट ही स्वस्त गाडी होती, अनेक आईबापांनी मुलांना पहिली गाडी म्हणून घेऊन दिलेली. त्या आईने जुडग्यातून घराची किल्ली, कुलपाची किल्ली, कुठल्यातरी सहलीची खूण काढून टाकली असेल आणि मुलीच्या हातात एकटी किल्ली ठेवली असेल, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आपल्याकडे काय आहे? २०१२पासून वाहनउद्योगाच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला, आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले: सात वर्षांपर्यंतची वाहने, आदेश निघाला तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. मालकाला तक्रार नोंदवण्याची सोय आहे, आणि तक्रारींनी विक्रीच्या तुलनेत ठरावीक संख्या गाठली की आदेशाची प्रक्रिया सुरू होऊ शकते. म्हणजे मालकाच्या वाक्याला प्रथमच कायद्यात वजन आले. अडचण एवढीच की आपला मालक लिहीत नाही. तो मेकॅनिकला सांगतो, मेकॅनिक ‘होतं असं कधीकधी’ म्हणतो, आणि कथन तिथेच संपते. आपल्या अभ्यासक्रमात ‘व्यावहारिक मराठी’ नावाचा पेपर आहे. त्यात तक्रारअर्ज शिकवतात तो पाणी न आल्याचा. गाडी घाटात बंद पडली तर काय लिहावे, कंपनीचे पत्र कसे वाचावे, त्यातला गाळलेला कर्ता कुठे शोधावा, हे शिकवायला आपल्यासारखी योग्य माणसे दुसरी कोण आहेत?

शेवटी मी गाडी नेली. वर्कशॉपमधल्या मुलाने कागदावर ‘जनरल चेकअप’ असे लिहिले. मी म्हटले, “मी चेकअपला आलो नाही, तुमच्या पत्रामुळे आलो आहे, तसे लिहा.” तो हसून म्हणाला, “सर, काही नाही हो, फक्त एक पार्ट बदलायचाय.” मी कोणता ते विचारले. त्याने नाव सांगितले. तो निकामी झाला तर काय होते, हे विचारल्यावर मात्र त्याने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणून सांगितले, “ब्रेक लागायला वेळ लागतो, सर.” पत्रात जे नव्हते ते एका वाक्यात होते. मी जुना भाग पाहायला मागितला. तो देता येत नाही, कंपनीला परत पाठवावा लागतो, असे कळले. मग मी त्याच्याकडून पेन घेतले आणि ‘जनरल चेकअप’ खोडून त्याचे ते वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिले. त्याखाली त्याला सही मात्र करता येईना.