बाईचा मेंदू कुणाच्या खात्यात?

अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज २००२ पासून आहे, अमरावतीचं २०२४ मध्ये सुरू झालं. मोझरीच्या आम्हा बायकांना आनंदच झाला. नागपूरच्या खेपा थोड्या तरी कमी होतील. पण उद्या आमच्याच भागात नोकरीला येणाऱ्या या पोरापोरींना तिथे नेमकं काय शिकवतात, हे विचारणं आपलं काम आहे. रक्तपांढरी, बाळंतपण, कुटुंबनियोजन यांवर आपण मोर्चे काढले, शिबिरं घेतली. मेंदू आणि मन मात्र डॉक्टरांवर सोडून दिलं. बाईला घराबाहेर काढायला हुंड्याइतकेच सोयीचे दोन शब्द आहेत, ‘मिरगी’ आणि ‘वेड’, हे ठाऊक असूनही सोडून दिलं.

तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीवर वेगळा अध्याय लिहिला, अंधश्रद्धेवर आयुष्यभर प्रहार केले. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला साखळीने बांधणं, मारणं हा गुन्हा ठरला. आम्ही गावोगाव सांगत फिरलो, मांत्रिकाकडे नको, डॉक्टरकडे चला. बाया ऐकतात, येतात. आणि डॉक्टरकडे काय होतं?

आमच्या बैठकीत येणाऱ्या एका सुनेचं सांगते. झटके यायचे, दात खिळायचे, कधी अंथरूण ओलं व्हायचं. घरचे चप्पल हुंगवायचे. पहिल्या डॉक्टरने तिला एक प्रश्न विचारला नाही, सगळं सासूला विचारलं. सासू म्हणाली, “कामाच्या टायमालेच येते तिले.” झालं, कागदावर ‘हिस्टेरिया’ लिहिलं गेलं. पुढे मेंदूच्या डॉक्टरने आलेख काढला, तो साफ निघाला. म्हणाला, मनाच्या डॉक्टरकडे जा. मनाचा म्हणाला, हे झटके माझ्या खात्यातले नाहीत. तीन वर्षं ती दोन दारांमध्ये हिंडली. नवरा प्रत्येक कागद नीट जपून ठेवत होता. मला वाटलं, काळजी आहे बिचाऱ्याला. तो फाईल वकिलासाठी लावत होता.

शेवटी कळलं, तिला दोन्ही होतं. मिरगीही होती, आणि मारहाणीने व भीतीने आलेलं नैराश्यही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला मेंदूचा आलेख साफ येऊ शकतो, म्हणून मिरगी नाही असं होत नाही. उलट, मनावरच्या ताणातूनही हुबेहूब मिरगीसारखे झटके येतात. ते ढोंग नसतं आणि मिरगीच्या गोळ्यांनी ते थांबत नाहीत. काही बायांना हे दोन्ही प्रकारचे झटके येतात. एवढं ज्याला एकत्र शिकवलंच नाही, तो डॉक्टर बाईला ढकलतच राहणार.

‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला आहे. म्हणजे कळलं नाही की दोष गर्भाशयाचा! इलियट स्लेटर नावाच्या इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६५ साली हा शिक्का बसलेल्या रुग्णांचा पुढे काय झालं ते तपासलं, तर कितीतरी जणांना मेंदूचे वा शरीराचे खरे आजार निघाले. पुढे तपासण्या सुधारल्या तशा अशा चुका पुष्कळ कमी झाल्या, हेही खरं. पण त्या सुधारलेल्या तपासणीपर्यंत पोचते कोण?

बाळंतिणीचं घ्या. ती बरळायला लागली की ‘बाळंतवात’, नाहीतर बाहेरची बाधा. हा मनाचा तीव्र आजार असू शकतो. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तरीही डोकेदुखी, झटके आणि असंच वागणं दिसतं. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी तोडायची रीत आहे, ती त्या गुठळीला हातभार लावते. दोन्हींत जीव जाऊ शकतो आणि उपचार वेगवेगळे. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात ओळखायचं कुणी? एमबीबीएस झालेल्या त्या एकट्या पोरानेच ना?

व्हॅलप्रोएट नावाची गोळी मेंदूचा डॉक्टर मिरगीसाठी लिहितो, मनाचा डॉक्टर मनाच्या तीव्र चढउतारांसाठी. गरोदरपणी घेतली तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग येतं, तीस-चाळीस बाळांच्या वाढीत वा शिकण्यात अडचणी येऊ शकतात. (म्हणून कुणी ती आपल्या मनाने बंद करू नये, झटका उलटतो.) वयात आलेल्या मुलीला हे सांगायचं कुणी? दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. व्यंगाचं बाळ झालं की दोष पुन्हा तिच्याच पोटाचा.

कायदा निदान सरकला आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून मिरगी हे लग्न रद्द ठरवून घेण्याचं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते गेलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी ‘वेडसर’ ठरत नाही, ते न्यायालयानेच ठरवायचं. हे किती डॉक्टरांना ठाऊक आहे? सर्टिफिकेट तर तेच लिहून देतात.

एमबीबीएसच्या अभ्यासात मानसोपचार म्हणजे काही आठवड्यांचं काम. त्याचा वेगळा पेपर नाही, जनरल मेडिसिनच्या पेपरात चार प्रश्न. इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे. मेंदूविकारही मेडिसिनमध्येच उरकतात. एकच रोगी घेऊन दोन्ही खात्यांच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर बसायचं, ही पद्धत नाही. अशक्य मात्र नाही. बंगळूरला १९७४ मध्ये मनोरुग्णालय आणि शिक्षणसंस्था एकत्र करून निमहान्स उभी राहिली, तिथे मन आणि मेंदू एकाच आवारात आहेत.

काही डॉक्टर म्हणतात, विषय अफाट आहेत, विद्यार्थ्यांवर आधीच ओझं आहे. मान्य. तज्ज्ञांनी वेगळं व्हावं की नाही हा आमचा वादच नाही. आम्ही बोलतो ते तज्ज्ञ न होणाऱ्याबद्दल, जो तिवशाला किंवा चांदूरला ओपीडीत बसेल.

म्हणून अमरावती आणि अकोल्याच्या कॉलेजांच्या अधिष्ठात्यांना आम्ही पत्र देतो आहोत. दोन्ही खात्यांची एकत्र ओपीडी ठेवून विद्यार्थ्यांना तिथे बसवा. बाईशी सासू-नवऱ्याला बाहेर ठेवून बोलायला शिकवा आणि त्याची परीक्षा घ्या. झटका पाहिलेल्या माणसाची हकीकत मात्र जरूर घ्या, पण तिच्यानंतर. सर्टिफिकेट लिहिण्याआधी १९९९ आणि २०१७ चे कायदे वाचायला लावा. पुण्यतिथी महोत्सवाला गावोगावच्या बाया मोझरीत येतील तेव्हा सह्या घेऊ. तुमच्या जिल्ह्यातही कॉलेज असेलच. तिथे कोण काय शिकवतं ते विचारून या आणि आम्हाला लिहून कळवा.