नाताळची गोष्ट मायबोलीत

दादरा आणि नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाली. सिल्वासाच्या चर्चमध्ये नाताळ मात्र आजही साजरा होतो. साहजिकच आपली मुले विचारतात, “हा सण कशाचा?” आणि आपण त्यांच्या हाती इंग्रजी चित्रपुस्तक देऊन मोकळे होतो.

वास्तविक ही कथा मराठीला चारशे वर्षांपासून परिचित आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही आपल्या ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या निधनानंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

‘ख्रिस्तपुराणा’ची जुनी भाषा लहानग्यांना पेलणार नाही. म्हणून थोरांनी आधी दोन-चार ओव्या मोठ्याने वाचाव्यात आणि मग गोष्ट साध्या शब्दांत सांगावी. गोठा, गव्हाण, मेंढपाळ हे शब्द आता मुलांच्या कानी क्वचितच पडतात. आपण न उच्चारले, तर आज्यांबरोबरच ते घरातून जातील. या कथेत ते आपसूक येतात.

हेरोद राजाच्या भयाने बाळाला घेऊन मिसर देशी निघालेले आईबाप ऐकताच एखादे मूल कंसाची आठवण काढील. त्याला अडवू नये. यमुना ओलांडणारा वसुदेवही त्याच रात्री सांगावा.

येत्या २५ डिसेंबरला शेजारच्या ख्रिस्ती मुलांनाही कथेस अवश्य बोलवावे. आपले कोठे चुकले, तर ती सांगतील.