‘चमार’ : दोष शब्दाचा की व्यवस्थेचा?

तळेगाव ढमढेरे या गावाच्या नावात एका सरदार घराण्याचे आडनाव सन्मानाने नांदत आहे. या शिरूर तालुक्यातील विहिरींवर ज्यांनी शिवलेल्या मोटा चालल्या, त्यांच्या व्यवसायाचे नाव मात्र शिव्यांच्या रांगेत बसविले गेले.

हिंदीतील ‘चमार’ आणि मराठीतील ‘चांभार’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘चर्मकार’पासून आले. कातड्याचे काम करणारा, एवढाच त्यांचा मूळ अर्थ. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला तो याच वाटेने. मग सोनार म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही आणि ‘चमार’ म्हटल्याने होतो, हे कसे? व्युत्पत्तीत याचे उत्तर सापडणार नाही. कातड्याच्या मोटेतून आलेले पाणी गावाच्या पिकाला चालत होते. विटाळ होता तो मोट शिवणाऱ्या हातांचा! जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच बजावले होते.

२००८ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, अपमानाच्या हेतूने चारचौघांत एखाद्याला ‘चमार’ म्हणणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. निर्णय योग्यच होता. तथापि, अनुसूचित जातींच्या यादीत चमार, चांभार, मोची, रोहिदास ही नावे शेजारी शेजारी आहेत आणि सवलतीसाठी तोच शब्द दाखल्यावर लिहून घ्यावा लागतो. म्हणजे प्रश्न शब्दाचा नसून तो उच्चारणाऱ्याच्या सत्तेचा आहे.

सोज्ज्वळ पर्यायांनी हे भागत नाही. राज्याने १९७४ साली चर्मोद्योगासाठी महामंडळ काढले. पुढे त्याच्या नावात संत रोहिदासही आले. दरम्यान इंजिन व विजेच्या पंपाने मोट गेली, कारखानी पादत्राणांनी वहाणांची गिऱ्हाइके नेली. बलुत्याचा धान्याचा वाटा संपला. पंपाखालची जमीन मात्र पूर्वी ज्यांची होती त्यांचीच राहिली. धंदा गेला, भांडवल आले नाही, जात तेवढी उरली. गटई कामगाराला रस्त्याकडेला पत्र्याचा स्टॉल देण्यापलीकडे सरकारी कल्पनाशक्ती फारशी धावलेली नाही.

याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी आहे. तिथल्या कायम नोकऱ्यांत आणि पुरवठ्याच्या कंत्राटांत या समाजाचा वाटा किती, हा हिशेब कार्यकर्त्यांनी मागितला पाहिजे.