‘सोबत कोण?’

बुटीबोरीत आमच्या महिला गटाची बैठक चालू होती. गटातल्या सगळ्यांत मोठ्या बाई, जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका, हळूच म्हणाल्या, “मी युरोपला जाऊन राहिली. एकटीच. अठरा दिवस.” क्षणभर सगळ्या गप्प. मग एकीने विचारलं, “पण सोबत कोण?”

बाईंच्या मुलाने, दिराने, शेजाऱ्यांनी आधीच हे विचारलं होतं. खरं सांगते, माझ्याही तोंडी तेच आलं होतं. वर्षानुवर्षं बायांच्या हक्काबद्दल बोलणारी मी!

बाई शांतपणे म्हणाल्या, “छत्तीस वर्षं एसटीनं खेड्यातल्या शाळांत गेली. पावसात पूर आला तर पायी आली. तेव्हा कोणी नाही विचारलं, सोबत कोण म्हणून.”

मैत्रिणींनो, गोम इथेच आहे. बाई कमवायला बाहेर पडते तेव्हा ती एकटी चालते. आमच्या एमआयडीसीतल्या बाया पाळी संपवून अंधारात घरी जातात, तेव्हा कोणाला काळजी वाटत नाही. बाई स्वतःच्या आनंदासाठी निघाली, की मात्र सगळ्यांना तिची सुरक्षितता आठवते. ही काळजी नव्हे, हा पहारा आहे.

कायदा याबाबतीत घराच्या पुढे गेला आहे. 2016 च्या डिसेंबरमध्ये पासपोर्टचे नियम बदलले. लग्नाचा दाखला जोडण्याची अट गेली, घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. युरोपातल्या 29 देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. त्यासाठी बँकेचा हिशेब, राहण्याची सोय आणि किमान 30,000 युरोचा प्रवास-विमा दाखवावा लागतो. सोबत कोण, हे सांगण्याची अट नाही. पैसा आहे का, हे मात्र बघतात.

आणि पैशाशीच बहुतेकींची वाट अडते. बाईंची पेन्शन बाईंच्या खात्यात येते, म्हणून त्या ठरवू शकल्या. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या बाईला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत मिळणारी किमान पेन्शन 2014 मध्ये महिना 1,000 रुपये ठरली. शेंगेन व्हिसाची फी 2024 पासून 90 युरो आहे, म्हणजे या पेन्शनचे कित्येक महिने. शेतमजूर बाईला तर निवृत्तीच नाही.

मग ही सुखवस्तू बायांची चैन आहे का? मला तसं वाटत नाही. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीचं तिकीट बायांना अर्ध्या दरात मिळू लागलं. आमच्या स्टँडवर लगेच टोमणे सुरू झाले, “आता बाया उगाच फिरत सुटतील.” माहेरी, देवाला, मैत्रिणीकडे जाणं म्हणजे उगाच! रोमला निघालेली शिक्षिका आणि रामटेकला निघालेली मजूर, दोघींना अडवणारं तोंड एकच आहे.

याला तोंड देणाऱ्या आपल्याकडे पूर्वीही होत्या. बालपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात लढलेल्या रखमाबाई 1889 मध्ये डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये डॉक्टरकी केलेल्या मीना प्रभूंनी कितीतरी देश एकटीने पाहिले आणि ‘ग्रीकांजली’, ‘रोमराज्य’सारखी पुस्तकं लिहिली. त्या 2025 मध्ये गेल्या. त्यांची पुस्तकं घराघरांत आवडीने वाचली जातात. पण आपल्याच घरातली बाई निघाली, की कपाळाला आठी!

एकटीच्या प्रवासात धोका नाही असं मी म्हणत नाही. आजारपण येतं, पाकीट मारलं जातं, भाषा अडते. त्याची तयारी करावी: औषधांची चिठ्ठी, कागदांच्या प्रती, रोज ठरलेल्या वेळी एक फोन. पण तयारी वेगळी आणि परवानगी वेगळी. निवृत्तीचा पैसा हाती येतो तेव्हा मुलाचा फ्लॅट, नातवाची फी, मुलीचं बाळंतपण यांच्या यादीत बाईने स्वतःचंही नाव लिहावं, आणि ते सगळ्यांत शेवटी नको.

बाईंनी वर्गात भिंतीवरचा युरोपचा नकाशा वर्षानुवर्षं शिकवला. आल्प्सवर आणि ऱ्हाइनवर छडी ठेवून दाखवली. आता त्या स्वतः तिथे जाणार आहेत. त्या दिवशी बैठक संपताना आमच्यातल्या एका अंगणवाडी मदतनीस ताईंनी वेगळाच प्रश्न विचारला, “बाई, तिथं काय काय पाहणार?”

हाच प्रश्न आपण आधी विचारायला हवा होता.